ठराव कुठे आहे? ग्रामसभा, प्रोसिडिंग बुक आणि आपला मोहल्ला

कब्रस्तानाला भिंत हवी. पावसाळ्यात जनाजा नेताना गुडघाभर चिखल तुडवावा लागतो म्हणून रस्ता हवा. उर्दू शाळेला एक खोली वाढवून हवी. असं काही निघालं की आपल्याकडे पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीत चर्चा होते, चार जाणती माणसं आमदारांकडे किंवा जिल्हा परिषद सदस्यांकडे जातात, शाल-हार होतो, फोटो निघतो. साहेब सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "ग्रामसभेचा ठराव आणलाय का?"

ठराव नसतो. "तो घेऊन या, पुढचं आम्ही बघतो," असं म्हटलं जातं आणि मंडळी परत येतात. आपल्याला वाटतं, साहेबांनी टोलवलं. काही वेळा तसं असेलही. पण बहुतेक वेळा तो प्रश्न खरा असतो. ठरावाशिवाय प्रस्ताव तयारच होत नाही, आणि कागदावर नसलेल्या कामाला कोणताही अधिकारी पैसे देऊ शकत नाही. म्हणून हा ठराव कुठे होतो, कोण करतं, त्याला किती माणसं लागतात आणि तो झाल्यावर कुठे लिहिला जातो, हे आज जरा तपशिलात बघू.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. ग्रामपंचायत वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य आणि सरपंच. त्यांची दर महिन्याला मासिक सभा होते. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तिथे निवडून यावं लागत नाही, कुणी नेमावं लागत नाही. यादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, बस्स. घरपट्टी थकली असेल तर ती भरायला हवीच, पण थकली म्हणून सभेत बोलण्याचा हक्क जात नाही. "आधी पट्टी भर, मग बोल" असं कुणी दरडावलं तर ते कायद्याचं बोलणं नाही.

हा हक्क संविधानातून आला आहे. १९९२ साली ७३वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली आणि ग्रामसभेला संविधानात जागा मिळाली. आपल्या राज्याचा कायदा त्याहून जुना, १९५८चा. पूर्वी तो मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जायचा, आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात. त्यातलं कलम ७ ग्रामसभेबद्दल आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा आता गावोगाव रूढ झाल्या आहेत. गरज पडली तर विशेष ग्रामसभाही बोलावता येते.

आम्ही शिक्षक मंडळी झेंडावंदनाला हमखास असतोच, त्यामुळे दरवर्षी एक गोष्ट बघतो. मुलांची कवायत होते, भाषणं होतात, खाऊ वाटला जातो, आणि पालक मुलांना घेऊन घरी निघतात. ग्रामसभा त्यानंतर सुरू होते. मोहल्ल्यातली माणसं शाळेच्या पटांगणात असतात, पण ग्रामपंचायतीच्या ओट्यापर्यंत पोचत नाहीत. दोन्हींत अंतर असतं पन्नास-शंभर पावलांचं.

आता कोरमचं गणित. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. गावात ६०० मतदार असतील तर १५ टक्के म्हणजे ९० माणसं. गावात ३,००० मतदार असतील तर १५ टक्के म्हणजे ४५०, पण नियम कमी संख्येचा आहे, म्हणून १०० पुरेत. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावाचा निर्णय शंभर माणसं घेऊ शकतात, आणि त्या शंभरातली ५१ एका बाजूला असली की ठराव मंजूर. हे वाचून कुणाला अन्याय वाटेल. आम्हाला त्यात संधी दिसते. ज्या मोहल्ल्यात चाळीस घरं आहेत, तिथून घरटी एक माणूस गेला तरी शंभरातली चाळीस माणसं आपली. एवढ्या माणसांचं म्हणणं टाळून पुढे जाणं कोणत्याही सरपंचाला अवघड असतं.

याच गणिताची दुसरी बाजूही आहे. पहिल्या सभेला कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते आणि पुन्हा बोलावलेल्या तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग वीस-पंचवीस माणसांतही कामकाज चालतं. कित्येक गावांत पहिली सभा तहकूब होणार हे गृहीतच धरलेलं असतं. तहकूब सभेत नवे विषय घेता येत नाहीत, आधीच्या विषयपत्रिकेवरचेच चालतात. म्हणून आपला विषय मुळात पहिल्या नोटिशीत असणं फार महत्त्वाचं.

ती नोटीस साधारण सात दिवस आधी निघते. फलकावर लागते, दवंडी दिली जाते, आता तर गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवरही फिरते. नोटिशीखाली विषयपत्रिका असते. पहिला विषय नेहमी "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा असतो आणि शेवटचा "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". आपली माणसं गेलीच तर या शेवटच्या विषयाच्या भरवशावर जातात. तोवर निम्मी सभा उठलेली असते, जेवणाची वेळ झालेली असते, आणि अध्यक्षांनी परवानगी नाही दिली तर बोलणंच खुंटतं. त्यापेक्षा सभेच्या दहा-पंधरा दिवस आधी साध्या कागदावर अर्ज द्यावा: अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर अमुक विषय घ्यावा. दोन प्रती न्याव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर आवक नंबर, शिक्का, सही घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. हे काम मोहल्ल्यातला दहावी-बारावीचा मुलगासुद्धा करू शकतो, आणि त्यानेच करावं असं आम्हाला वाटतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला धडा त्याला तिथे खरा भेटतो.

१५ ऑगस्ट २०२५ हा शुक्रवार होता. अशा दिवशी सभा साडेबारा-एकला ठेवली की आपली माणसं एक तर सभा सोडतात नाही तर नमाज. आठवडाभर आधी सरपंचांना भेटून "दहाला घ्या किंवा अडीचला घ्या" एवढं सांगितलं तर बहुतेक गावांत ते मानलं जातं. मागून तक्रार करण्यापेक्षा हे सोपं.

सभेचं सगळ्यात मोलाचं कागदपत्र म्हणजे प्रोसिडिंग बुक, सरकारी भाषेत इतिवृत्त. सभेत कोण काय बोललं, किती टाळ्या पडल्या, सरपंचांनी माईकवरून काय शब्द दिला, याला पुढे काही किंमत नाही. प्रोसिडिंगमध्ये ठराव क्रमांक पडला का, सूचक कोण, अनुमोदक कोण, आणि "सर्वानुमते मंजूर" किंवा "बहुमताने मंजूर" असं लिहिलं गेलं का, एवढंच उरतं. हे लिहिण्याचं काम ग्रामसेवकाचं. २०२४ मध्ये सरकारने या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, गावात मात्र अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतात. ठराव मांडताना तो तोंडी न मांडता तयार मजकूर लिहून न्यावा आणि वाचून दाखवून भाऊसाहेबांच्या हातात द्यावा. "कब्रस्तानाचं काहीतरी करावं" असं बोललं गेलं तर प्रोसिडिंगमध्येही "काहीतरी"च लिहिलं जातं. गट नंबर, क्षेत्र, रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी अंदाजे किती, काम कोणत्या योजनेतून मागायचं, हे सगळं मजकुरात असलं पाहिजे.

आणखी एक. सूचक आपला असला तर अनुमोदक दुसऱ्या समाजाचा असावा. यात राजकारण कमी आणि शहाणपण जास्त आहे. कब्रस्तानाचा रस्ता पुष्कळ गावांत पुढे कुणाच्या तरी शेताला, वस्तीला किंवा स्मशानभूमीलाच जातो. त्या रस्त्याने जाणारा पाटील, माळी किंवा धनगर शेतकरी अनुमोदन द्यायला आनंदाने उभा राहतो, कारण त्याची बैलगाडीही तिथेच रुतते. एका समाजाची मागणी मग गावाचं काम होते. आपण त्याला आधी जाऊन विचारलेलं मात्र असावं लागतं.

आता या ठरावाचं पुढे काय होतं? कब्रस्तानाचंच उदाहरण घेऊ. ग्रामपंचायतींना जनसुविधेसाठी विशेष अनुदान देण्याची योजना राज्यात आहे. दहनभूमी आणि दफनभूमी, तिथे जायचा रस्ता, कुंपण, शेड, पाण्याची सोय अशी कामं तिच्यात बसतात. पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. प्रस्तावाला ठराव लागतो, जागेचा उतारा लागतो, आणि बांधकाम विभागाच्या अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक लागतं. कागद ग्रामपंचायतीतून पंचायत समितीत, तिथून जिल्हा परिषदेत जातो, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता असे शिक्के पडतात आणि मग काम निघतं. वर्ष-दीड वर्ष सहज जातं. या प्रवासात आमदार-सदस्यांची मदत होतेच, पण ती दुसऱ्या टप्प्यापासून. याशिवाय अल्पसंख्याक विकास विभागाची ग्रामीण भागासाठी योजना आहे. ज्या गावात अल्पसंख्याक लोकसंख्या किमान १०० आहे तिथे कब्रस्तानाची भिंत, ईदगाह, रस्ता, पाणी, सभागृह अशी कामं त्यातून मागता येतात. तिथेही सुरुवात ठरावापासूनच.

सगळ्यात जास्त घोडं अडतं ते उताऱ्यावर. पिढ्यान् पिढ्या जिथे दफन होत आलं ती जागा सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे, हे पुष्कळ जमातींना माहीतच नसतं. कुठे ती गायरान म्हणून लागलेली असते, कुठे जुन्या इनामाची नोंद असते, कुठे नुसती इतर हक्कात एक ओळ. काही ठिकाणी वक्फ मंडळाकडे नोंद झालेली असते पण तिची प्रत गावात कुणाकडेच नसते. ठराव मांडण्याआधी उतारा काढून वाचा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. भिंतीचं अंदाजपत्रक करायला आलेला अभियंता पहिला प्रश्न "हद्द कुठली?" हाच विचारतो. तिथे दोन शेजारी भांडायला उभे राहिले तर तो फाईल मिटतो आणि निघून जातो. अशा मिटलेल्या फाईली पुन्हा उघडायला फार घाम गाळावा लागतो.

ग्रामपंचायतीकडे स्वतःचेही पैसे असतात, त्याचा हिशेब कुणी विचारत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दिलेल्या निधीत ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. गावाचा वार्षिक आराखडा, म्हणजे "आमचं गाव, आमचा विकास", साधारण २ ऑक्टोबरपासून पुढच्या तीन-चार महिन्यांत तयार होतो. मोहल्ल्यातली गटार, नळाची वाढीव लाईन, खांबावरचा दिवा ही कामं त्या आराखड्यात आली नाहीत तर पुढचं वर्षभर "आराखड्यात नाही" हेच उत्तर ऐकावं लागतं. आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही मोबाईलवर बघता येतो. एकदा आपल्या गावाचं नाव टाकून बघाच. काही नोंदी वाचून गंमत वाटेल, काही वाचून झोप उडेल.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाच्या शंका ठेवल्या जातात. तिथे शांतपणे एक प्रश्न विचारला, "दिवाबत्तीवर किती खर्च झाला आणि आमच्या गल्लीत किती दिवे बसले?" तर तो प्रोसिडिंगमध्ये जातो. आवाज चढवला तर गोंधळ एवढाच शेरा लिहिला जातो.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या अनेक घरांत "मर्दांच्या गर्दीत कशाला जायचं" असा संकोच असतो. महिला सभेत तो प्रश्नच येत नाही. तिथे फक्त बायका असतात, विषय असतात पाणी, रेशन, अंगणवाडी, शौचालय, दारू. हे विषय आपापल्या घरातल्या आपा आणि वहिनींना आपल्यापेक्षा जास्त कळतात. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे घरातल्या पुरुषाला विचारून बघा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं मात्र माहेरच्याच यादीत राहून जातात. ती बदलून घेतली नाहीत तर त्या ना इथल्या ग्रामसभेच्या सदस्य, ना तिथल्या सभेला जाऊ शकणाऱ्या. महिला सभेचं वजन किती असू शकतं, याचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं आहे. २०२२ साली तिथे बायकांनी विषय लावून धरला आणि रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं, असं गावाने ठरवलं. एक शिक्षक म्हणून या गावाचा आम्हाला थोडा हेवा वाटतो, हे लपवत नाही.

ग्रामसभा एकदा मनावर घेते तेव्हा काय होतं याची मोठी उदाहरणं राज्यात आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा लेखाने ग्रामसभेच्या जोरावर २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू स्वतः विकला. हिवरे बाजारने बोअरवेलच्या पाण्यावर शेती नाही, ऊस-केळी नाही, असे कडक निर्णय घेऊन दुष्काळी गाव उभं केलं. त्या गावात मुस्लिम घर एकच, पण गावाने त्या घरासाठी मस्जिद बांधली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं.

पण हेच हत्यार उलटंही फिरतं, आणि ते आपल्या समाजाने पाहिलं आहे. २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिंगणापूरमध्ये अल्पसंख्याकांची नवी मतदार नोंदणी होऊ नये असा ठराव झाला. टीका झाल्यावर माघार घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावात कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू देऊ नयेत, असा ठराव ग्रामसभेच्या नावाने झाला. ही यात्रा म्हणजे कित्येक कुटुंबांची वर्षाची कमाई. बांगड्या, खेळणी, मिठाई विकणारी माणसं त्या चार दिवसांवर मुलींची लग्नं काढतात. पुढे तो ठराव नियमाला धरून झाला नसल्याचं गटविकास अधिकाऱ्यांच्या पातळीवर ठरलं. वाद त्यानंतरही चालू राहिला.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, ग्रामसभा संविधानाच्या वर नाही. धर्मावरून भेद करायला कलम १५ ची मनाई आहे, व्यवसायाचं स्वातंत्र्य कलम १९ देतं. मतदार नोंदणी तर ग्रामसभेच्या अखत्यारीतच नाही, ते काम निवडणूक आयोगाच्या यंत्रणेचं आहे. शंभर काय, हजार हात वर झाले तरी असा ठराव कायद्यात टिकत नाही. दुसरी गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. असा ठराव मोडून काढायचा तर भावनेच्या भाषणांपेक्षा कागद उपयोगी पडतो. नोटीस सात दिवस आधी निघाली होती का? हा विषय विषयपत्रिकेवर होता का, की आयत्या वेळी घुसवला? हजेरी बुकावर सह्या किती, आणि त्या कोणत्या विषयासाठी घेतल्या होत्या? विरोध झाला असेल तर तो नोंदवला गेला का? हे प्रश्न विचारायला आपलं कुणीतरी त्या सभेत बसलेलं असावं लागतं. उभं राहून "माझा विरोध नोंदवा" एवढं एक वाक्य म्हणणारा माणूस असला की "सर्वानुमते" हा शब्द लिहिता येत नाही. हजेरीवर सही करतानाही वर काय मथळा आहे तो वाचावा. कोऱ्या पानावर सही म्हणजे कोरा चेक.

असं काही घडलंच तर आधी गटविकास अधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी आणि जिल्हाधिकारी, सगळीकडे लेखी तक्रार द्यावी, सोबत ठरावाची प्रत जोडावी. व्हिडिओ पुढे ढकलत बसण्याने गावातलं वातावरण तेवढं बिघडतं. आणि आपल्या घरातलंही एक सांगून टाकतो. जमातीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं, लग्न-मयतीला जाऊ न देणं, हा महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कोकणात आणि इतरत्रही हे घडत आलं आहे. मढीचा ठराव चुकीचा म्हणताना आपल्या जमातीच्या वहीतले ठरावही एकदा उघडून बघायला हवेत.

जमातीची बैठक आणि ग्रामसभा यांची गल्लत नको. मस्जिदीचा हिशेब, इमामसाहेबांचा पगार, ईदची तयारी हे जमातीचं काम, आणि ते आपली माणसं चोख करतात. मशवरा आपल्याला नवा नाही. जमातीच्या बैठकीत रात्री बारापर्यंत बारीकसारीक मुद्द्यावर खल करणारी माणसं ग्रामसभेत तोंड उघडत नाहीत, याचं कारण अज्ञान नसावं. "तिथे आपलं कोण ऐकणार" ही खूणगाठ आधीच बांधलेली असते. काही गावांत ती अनुभवातून आलेली आहे, हेही खरं. पण जिथे पाच-सहा सभांना सतत माणसं गेली आणि फक्त आपल्याच नव्हे, गावाच्या पाण्याच्या, एसटीच्या, दवाखान्याच्या विषयावरही बोलली, तिथे ऐकून घेणारे कान तयार होतात. तंटामुक्त समिती, पाणीपुरवठा समिती, ग्रामविकास समिती यांत नावं ग्रामसभेतून जातात, आणि सभेत न दिसणाऱ्याचं नाव कुणी सुचवत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तर तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यातही निम्म्या महिला. उर्दू शाळेतली ही समिती कागदावर न राहता खरी चालली तर वाढीव खोलीची मागणी ग्रामसभेत आणि पुढे शिक्षण विभागात दोन्हीकडून लावता येते.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. नगरपरिषद आणि महापालिकेत ग्रामसभेसारखी गोष्ट प्रत्यक्षात नाही. कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, ती भरलेली पाहणारा माणूस मात्र विरळाच. सर्वसाधारण सभेत नागरिक बघू शकतात, बोलू शकत नाहीत. तिथे आपला विषय नगरसेवकामार्फतच जातो. राज्यातला मुस्लिम समाज मोठ्या प्रमाणात शहरात राहतो, त्यामुळे हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पण शहरातल्या कित्येकांची मतदार यादीतली नावं, जमीन आणि कब्रस्तान अजून गावातच असतं. मुंबई-पुण्याहून, आखातातून सुट्टीला येणाऱ्यांनी गावी यायची तारीख ठरवताना उरूस आणि लग्नाबरोबर ग्रामसभेची तारीखही बघितली तर गावातल्या चार माणसांना बळ येईल.

शेवटी ठराव झाल्यावरचं काम. सभा संपली की घरी जाऊन निवांत बसू नये. आठ-दहा दिवसांत ग्रामपंचायतीत अर्ज देऊन ठरावाची साक्षांकित नक्कल मागावी. अर्जात सभेची तारीख, विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक लिहावा. नक्कल हातात आली की मजकूर आपण दिला तसाच उतरला आहे ना, गट नंबर बरोबर आहे ना, सूचक-अनुमोदकांची नावं आहेत ना, हे तपासावं. चूक असेल तर पुढच्या सभेत "मागील इतिवृत्त कायम करणे" या पहिल्याच विषयाला ती दाखवून दुरुस्त करून घेता येते, त्यानंतर अवघड जातं. नक्कल द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि त्यात नाही मिळाली तर पहिलं अपील. नक्कल मिळाल्यावर तिच्या चार-पाच झेरॉक्स काढाव्यात. एक मस्जिदीच्या कपाटात, एक शाळेत, एक मोहल्ल्यातल्या त्या अर्ज लिहिणाऱ्या मुलाकडे. मूळ प्रत प्रस्तावासोबत पंचायत समितीत जाईल, तेव्हा तिथल्या आवक नोंदीचा नंबर तिच्या झेरॉक्सवर पेनाने लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी विचारपूस करायला गेल्यावर खिडकीतला कारकून आधी तोच नंबर विचारतो.